घोडा पयत नही, जमीन पयाडस

अमळनेर स्टेशनबाहेर टांग्यांची रांग लागायची. त्या रांगेत आमच्या गल्लीतल्या चाचांचा टांगा कायम तिसरा नाहीतर चौथा, पहिला कधीच नाही. सुरत-भुसावळ पॅसेंजर आली की पुढचे टांगेवाले बाजारपेठेच्या सवाऱ्या उचलून सुटायचे. चाचा बिडी ओढत थांबायचे. त्यांना खेड्यावर जाणारी सवारी हवी असे. भाडं जास्त म्हणून तर खरंच, पण त्यांच्या घोडीला गाडवाटेचा धुरळा मानवायचा म्हणूनही. "डांबरवर कोनी बी पयाडी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

संध्याकाळी टांगा सोडला की ते घोडीला बोरीच्या पात्रात न्यायचे. सखाराम महाराजांची यात्रा भरते तेच पात्र. पावसाळा सोडला तर तिथे वाळूच वाळू. त्या वाळूत घोडीला अर्धा तास नुसती चालवायची, पळवायची नाही. आम्ही पोरं मागेमागे. उतरताना चाचा आधी टाच वाळूत रुतवून फिरवायचे, किती खोल जाते बघायचे आणि मग लगाम सैल सोडायचे. मी एकदा विचारलं, चाचा, रोज तीच वाळू, रोज काय बघता? तर म्हणाले, "घोडा पयत नही रे भो, जमीन पयाडस." घोडा पळत नाही, जमीन पळवते. अकरा वर्षांच्या पोराला यातलं काय कळणार? वाक्य तेवढं राहिलं.

१९६९ च्या मार्गशीर्षात चाचांना नवी घोडी घ्यायची होती आणि आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, सारंगखेड्याच्या दत्ताला जायचं होतं. दोघांच्या मध्ये मी. पॅसेंजरने दोंडाईचा, तिथे स्टेशनबाहेर मिरच्यांचा ठसका, पुढे माणसांनी खचाखच भरलेली एसटी आणि मग तापीचा पूल. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो व्हायला १९९८ साल उजाडावं लागलं. सारंगखेडा धुळे जिल्ह्यातच होतं आणि आबांच्या तोंडी तर अजून पश्चिम खानदेशच होता.

दत्तजयंतीला सुरू होणारी ती यात्रा म्हणजे घोड्यांचं गावच. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी. पांढरेशुभ्र नुकरे, चारी पाय नि कपाळ पांढरं असलेले पंचकल्याणी, अबलख, कुमैत. खोगीर, लगाम, खरारे, गोंडे विकणाऱ्यांच्या पालांची ओळ. घोडा बघायला आलेली माणसं कानांची टोकं जुळतात का पाहायची, गळ्यावरचा देवमन शोधायची, भोवरे मोजायची. अमुक भोवरा असला की मालक लखपती, तमुक असला की घर बसतं. चाचा यातलं काही बघत नसत. ते घोड्याजवळ गेले की थेट खाली वाकत. पुढचा पाय उचलून मांडीवर घेत, अंगठ्याने खुराची कड दाबत, मधल्या मऊ भागावरची माती नखाने काढून वास घेत. कुजका वास आला की पाय सोडून पुढे. आबा म्हणत, अरे तोंड तरी बघ त्याचं. "पहिले खूर, मंग तोंड," चाचांचं उत्तर.

एक कुमैत घोडी मात्र माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. विकणारा काठियावाडकडचा होता. त्याने तिला पालांमागच्या टणक पट्ट्यावर पळवून दाखवली. वर्षानुवर्षं बैलगाड्यांनी दाबलेली, सिमेंटसारखी झालेली जमीन. टापांचा आवाज असा घुमला की आजूबाजूची माणसं गोळा झाली. मान उंच, शेपूट ताठ. आबा म्हणाले, घेऊन टाक. चाचांनी नदीकडे बोट दाखवलं. "आठे नको. तठे रेतीमा पयाड."

विकणाऱ्याचा चेहरा पडला, पण शेजारी एक ठेंगणी, पोटाशी जराशी जाड, रंगाने मातकट घोडी घेऊन उभा असलेला म्हातारा हसला. दोघी पात्रात उतरल्या. कुमैत घोडी पहिली पन्नास पावलं विजेसारखी गेली, मग तिचा लांब पल्ला वाळूत रुतायला लागला. दर टापेला वाळू मागे सरकत होती आणि ती तेवढ्याच जोराने जागच्या जागी खणत होती. ठेंगणी मात्र आखूड पावलं टाकत, पाय अलगद उचलत, तिच्या बाजूने निघून गेली. घाई नाही, दिमाख नाही. वर टणक पट्ट्यावर हीच शर्यत लावली असती तर निकाल उलटा लागला असता, हे पोरालाही दिसत होतं.

रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला. किती रुपयांना झाला ते चाचांनी आबांनासुद्धा सांगितलं नाही. ठेंगणी अमळनेरला आली.

ती सात वर्षं टांग्याला होती. मी कॉलेजात असताना, एका जुलैत, पहिल्या पावसाने तेलकट झालेल्या डांबरावर वळणात तिचा पुढचा पाय सरकला. लोखंडी नाल नि ओलं डांबर. चाचा पावसाळ्यात नालेच्या खिळ्यांची डोकी थोडी वर ठेवायला नालबंदाला सांगत, म्हणजे पकड राहते. त्या वर्षी नालबंदीचा दिवस दोनदा पुढे ढकलला गेला होता. पाय गाठीच्या वर मोडला. घोड्याचा पाय मोडला की पुढे काय करतात ते मी लिहीत नाही. चाचांनी नंतर टांगा विकला आणि पोराला रिक्षा घेऊन दिली.

जुन्या दिवसांबद्दल लिहायला बसलं की माती म्हटल्यावर हात आपोआप हळवा होतो, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. मातीने नि रस्त्याने घोडी मारल्याचंही मला आठवतं.

मधली पस्तीस-छत्तीस वर्षं घोड्यांशी माझा संबंध पेपरात छापून येणाऱ्या महालक्ष्मीच्या रेसपुरता. धुळ्याच्या बँकेत आमचा एक सहकारी होता, डिसेंबर उजाडला की त्याची नजर मुंबईकडे. त्याच्यामुळे कळलं की तिथे सगळं गवतावर चालतं, मुंबईत हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात. आणि शर्यतीआधी पेनेट्रोमीटर नावाचं यंत्र जमिनीत खुपसून ती किती मऊ, किती टणक त्याचा आकडा जाहीर करतात. मला हसूच आलं. चाचांची टाच यांनी काडीला बांधली होती. सहकाऱ्याला त्या आकड्याचं काही नव्हतं. तो घोड्याचं नाव आवडलं की पैसे लावायचा आणि नियमाने हरायचा.

मग २०१३ च्या मार्चमध्ये मुलाकडे शारजाला गेलो होतो. तो म्हणाला, आप्पा, तुमचं घोड्यांचं वेड आहे ना, चला. दुबईचा वर्ल्ड कप होता, एक कोटी डॉलर बक्षिसाचा. जागेचं नाव मेदान. म्हणजे आपलं मैदानच, फारसी-अरबीतून इकडे आलेलं. रात्रीची शर्यत, दिव्यांचा लखलखाट, टोप्या घातलेल्या बायका, सुटातले साहेब. आम्ही स्वस्तातल्या जागेवर उभे. ट्रॅक लांबून मातीचाच वाटत होता, पण घोडे धावत गेले तरी धुरळा नाही. सारंगखेड्याला दहा घोडे एका बाजूने गेले की पाल दिसेनासं व्हायचं. इथे टापांचा आवाजसुद्धा कापसाच्या गठड्यावर पडल्यासारखा, दबका.

"ही माती नाही," मुलगा म्हणाला. मोबाइलवर वाचून दाखवू लागला. बारीक वाळू, तिच्यात कृत्रिम धागे, रबराचे तुकडे आणि या सगळ्याला मेणाचं बोट. नाव टपेटा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गालिचा. मायकल डिकिन्सन नावाच्या इंग्रज प्रशिक्षकाने ते तयार केलं. मी म्हटलं, म्हणजे आपल्या जळगाव एमआयडीसीतली चटईच की. प्लॅस्टिकच्या चटया विणणाऱ्या गावाला हे सुचायला हवं होतं! मात्र भुसावळच्या मे महिन्यात त्या मेणाचं काय झालं असतं कोण जाणे. पुढे वाचलं की कॅलिफोर्नियात हीच तक्रार होती: सकाळच्या गारव्यात ट्रॅक एक, दुपारी ऊन चढून मेण सैल पडलं की दुसरा.

त्या रात्री ॲनिमल किंगडम नावाचा तांबडा घोडा जिंकला. तो अमेरिकेतला, २०११ चा केंटकी डर्बी विजेता. गंमत म्हणजे ती डर्बी हीच त्याची मातीवरची पहिली शर्यत होती. तोवर तो गवतावर आणि अशाच बनावट जमिनीवर धावलेला. म्हणजे जमीन न बघणारा घोडा. असा लाखात एक, आणि चाचांच्या हिशेबाने असा घोडा नसतोच.

बाकीच्यांचं काय होतं, ते घरी परतल्यावर शोधून शोधून वाचलं. निवृत्त माणसाला वेळ असतो.

अमेरिकेत 'डर्ट' म्हणतात ती आपली काळी कापसाची जमीन नव्हे. तिच्यात वाळू जास्त, सोबत थोडा गाळ नि चिकण माती. तिच्यावर खूर पडला की थोडा पुढे घसरतो, मग टोक रुतवून जोर मिळतो. पुढचा घोडा ढेकळं उडवतो ती मागच्याच्या तोंडावर, स्वाराच्या चष्म्यावर. म्हणून मातीवर सुरुवातीलाच पुढे गेला त्याचं राज्य. गालिचावर ढेकळं फारशी उडत नाहीत, खूर घसरत नाही. मागे राहून दम राखणारा घोडा शेवटच्या दोनशे मीटरमध्ये उसळी मारू शकतो. थोडक्यात, ही जमीन दिसायला मातीसारखी आणि वागायला गवतासारखी.

मग निकाल उलटेपालटे व्हायला लागले. केंटकीतल्या कीनलंडने २००६ मध्ये माती काढून पॉलिट्रॅक ही तशीच बनावट जमीन टाकली. पुढच्या एप्रिलमध्ये तिथल्या ब्लू ग्रास स्टेक्समध्ये स्ट्रीट सेन्स हा नावाजलेला घोडा डोमिनिकनकडून नाकाच्या फरकाने हरला. सुरुवात इतकी संथ झाली की शेवटी घोळकाच्या घोळका एका रेषेत आला. तीन आठवड्यांनी डर्बी मातीवर झाली. स्ट्रीट सेन्स जिंकला, डोमिनिकन मागच्या घोळक्यात. सारंगखेड्याच्या दोन घोड्या, फक्त पात्र नि पट्टा यांची अदलाबदल.

त्याहून मोठा दणका २००८ चा. कर्लिन हा त्या काळचा अमेरिकेचा सर्वांत बलाढ्य घोडा. आदल्या वर्षी चिखलात ब्रीडर्स कप क्लासिक जिंकलेला, त्याच वर्षी दुबईचा वर्ल्ड कप जुन्या नाद अल शेबाच्या मातीवर पावणेआठ लांबींनी मारलेला. ऑक्टोबरात सांता अनिताच्या सिंथेटिक ट्रॅकवर तो चौथा आला. पहिला रेव्हन्स पास, दुसरा हेन्रीदनॅव्हिगेटर, दोघेही युरोपच्या गवतावर वाढलेले. कर्लिनच्या मालकाने पुढच्या वर्षी आपली रेचल अलेक्झांड्रा ही घोडी त्या जमिनीवर उतरवायला साफ नकार दिला. इकडे झेन्याटा घोडीने २००९ ची क्लासिक तिथेच जिंकली, आणि २०१० मध्ये लुईव्हिलच्या मातीवर मानेपुरत्याही नाही, डोक्यापुरत्या फरकाने हरली. वीस शर्यतींतली तिची ती एकच हार. ती मातीवर कच्ची होती असं मी म्हणणार नाही. मातीवरही ती जिंकलेली होती. पण रेचल आणि झेन्याटा एकमेकींसमोर कधी आल्याच नाहीत, ही चुटपुट तिकडच्या शौकिनांना अजून आहे.

आणि मेदान? २०१० ते २०१४ या पाच वर्षांत गालिचावर ब्राझीलमध्ये पैदास झालेला ग्लोरिया दे कॅम्पियाओ जिंकला. त्सुनामीनंतर दोनच आठवड्यांनी जपानचा व्हिक्त्वार पिसा जिंकला आणि दुसराही जपानीच आला. अमेरिकेचा फक्त ॲनिमल किंगडम. त्याआधी मातीवर सिगार, सिल्व्हर चार्म, कर्लिन असे त्यांचे घोडे येऊन कप घेऊन जात. गालिचा आला आणि अमेरिकेतले मालक यायचे कमी झाले. २०१५ च्या कपाआधी गालिचा उखडून पुन्हा माती टाकली. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया क्रोम जिंकला, त्याच्या पुढच्या वर्षी ॲरोगेट. दोघेही अमेरिकेचे.

कॅलिफोर्नियातही तेच. २००६ मध्ये तिथल्या शर्यत मंडळाने मोठ्या ट्रॅकना सिंथेटिक सक्तीचं केलं, आणि २०१० मध्ये सांता अनिता पुन्हा मातीवर. केंटकीचं कीनलंड २०१४ मध्ये, कॅलिफोर्नियाचं डेल मार २०१५ मध्ये. कारणं सांगितली गेली ती खरी होती: सांता अनिताला पावसात पाणी मुरेना, शर्यती रद्द कराव्या लागल्या, निगा महाग, मेणाचं उन्हातलं वागणं. पण एक आकडा या कारणांशेजारी ठेवला की मला अस्वस्थ वाटतं. अमेरिकेत २००९ पासून घोड्यांच्या दुखापतींची देशभर नोंद ठेवतात, आणि दर हजार धावांमागे जीव गमावणाऱ्या घोड्यांचं प्रमाण सिंथेटिकवर मातीपेक्षा स्पष्ट कमी आहे. तरी गालिचा गेला. पिढ्यान् पिढ्या मातीवरच्या वेगासाठी पैदास केलेले घोडे त्यावर हरत होते, जुने आडाखे चुकत होते, पैसे बुडत होते. माझा आपला तर्क असा की पावसाच्या पाण्यापेक्षा हेच जास्त तुंबलं होतं. २०१९ मध्ये सांता अनितालाच वर्षभरात तिसाहून जास्त घोडे गेले, तेव्हा पुन्हा गालिचाची आठवण निघाली. मला मात्र ते वाचताना अमळनेरचं वळण आठवत होतं, आणि ठेंगणीच्या पायाखाली त्या दिवशी ते मेण-रबर असतं तर, असं वाटून गेलं.

इंग्रजांनी गालिचा वेगळ्या कामाला लावला. पाऊस-बर्फात शर्यती बुडू नयेत म्हणून त्यांच्याकडे १९८९ पासून असे ट्रॅक आहेत, पण मानाच्या शर्यती गवतावरच. २०१९ मध्ये डॉन्कास्टरला पाणी साचलं म्हणून एक अव्वल दर्जाची शर्यत न्यूकॅसलच्या टपेटावर हलवावी लागली. जिंकला कमेको. पुढच्या वर्षी त्यानेच न्यूमार्केटच्या गवतावर टू थाउजंड गिनीज मारली. गवताचा घोडा गालिचावर चालतो, मातीचा अडखळतो, याला याहून सोपा दाखला नको.

खानदेशच्या माणसाला हे समजायला इतकं लांब जायची गरजही नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५, २०१६ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरीचा मान आणला, तेव्हा आमच्याकडे पारापारावर कुस्तीच्या गप्पा चालायच्या, आणि त्यात एक वाद हमखास: माती की गादी? मातीत ताकद नि दम, गादीवर चपळाई नि गुण. तिथे तोड चांगली काढली आहे. माती विभागाचा विजेता वेगळा, गादी विभागाचा वेगळा, आणि मग दोघांची किताबाची कुस्ती. घोड्यांच्या दुनियेला एवढं शहाणपण सुचलं नाही. तिथे जमीनच बदलत बसले.

गेल्या वर्षी पुन्हा सारंगखेड्याला गेलो. अमळनेरहून दोंडाईच्यापर्यंत रेल्वेनेच, हट्टाने. यात्रेला आता चेतक फेस्टिव्हलची जोड आहे. घोड्यांच्या शर्यती, नाच, रूपाच्या स्पर्धा, लाउडस्पीकर, तंबूंत राहणारे पाहुणे. मला त्याचा राग नाही. घोडे दिमाखदार आहेत, आम्ही लहानपणी पाहिले त्यांच्याहून उंच आणि देखणे, आणि किमती पेपरात छापून येतात. रुमालाखालचा सौदा मला कुठे दिसला नाही. एका घोड्याभोवती चार पोरं मोबाइल धरून उभी होती. मालक त्याला मागच्या दोन पायांवर उभा करत होता, पुन्हा पुन्हा, कारण पहिल्यांदा चित्रीकरण हललं होतं. हे घोडे पुढे जळगाव-धुळ्यात लग्नाच्या वरातीत पेव्हर ब्लॉकवर आणि सिमेंटच्या रस्त्यावर नाचणार. पळायचं काम त्यांना क्वचितच.

एका पालाशी पंचविशीतला पोरगा मातकट रंगाची घोडी घेऊन उभा होता. ठेंगणी, पोटाशी जराशी जाड. मी वाकून पुढचा पाय उचलायला गेलो, गुडघ्याने साथ दिली नाही, त्यानेच उचलून दाखवला. खूर काळा, कड सरळ, वास स्वच्छ.

"घ्यानी शे का बाबा?"

घ्यायची कुठे होती! पण तोंडातून निघून गेलं. "जरा तठे रेतीमा पयाडी दाखाड."

त्याने नदीकडे पाहिलं. बॅरेज झाल्यापासून तापीत पाणी तुंबलेलं असतं, काठापर्यंत, हिरवं नि स्थिर. मग माझ्याकडे पाहिलं, म्हातारा चेष्टा करतोय का ते जोखत.

"रेती आते कोठे ऱ्हायनी बाबा? ती ते कवयच ट्रॅक्टरमा गयी."